इंजिन बंद पडले म्हणजे विमान पडले का?

गेल्या वर्षापर्यंत आमच्या घराण्यात विमानात बसलेले कोणी नव्हते. कॉलेजात आलेलीही मीच पहिली. त्यामुळे घरात विमानाविषयी प्रश्न निघाला, तेव्हा उत्तर देण्याची जबाबदारी आपोआप माझ्यावर आली. मी कला शाखेच्या द्वितीय वर्षाची, मराठी घेतलेली विद्यार्थिनी; विज्ञानाशी माझा संबंध दहावीलाच संपला. पण हा भेद आमच्या आईला मान्य नाही. "तू कालेजात जातीस न्हवं? मग सांग," एवढेच तिचे म्हणणे.

प्रश्न का निघाला ते आधी सांगते. माझा थोरला भाऊ आय.टी.आय. करून वेल्डर झाला. मस्कतला काम ठरले, कागद आले, मामांकडून पैसे उसने झाले, आणि १२ जून २०२५ रोजी अहमदाबादला विमान कोसळले. आईने ती दृश्ये शेजारच्या टीव्हीवर दिवसभर पाहिली. रात्री भाकरी थापता थापता ती म्हणाली, "न्हाई जायचं." दादा काही बोलला नाही. जेवून अंगणात जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "तू तरी समजावून सांग तिला. माझं ऐकायची न्हाई ती." आईचा प्रश्न तसा एकच होता: वर गेल्यावर इंजिन बंद पडले तर?

मी कॉलेजच्या ग्रंथालयात बसले, मिळेल ते वाचले, आणि पदार्थविज्ञानाच्या सरांना दोनदा गाठले. कला शाखेची मुलगी विमानाचे विचारायला आली म्हणून सरांना गंमत वाटली, पण त्यांनी खडूने फळ्यावर आकृती काढून सगळे सांगितले. त्यातून जे उमगले ते येथे मांडते. मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरातून आज ना उद्या कोणीतरी विमानात बसणार आहे.

प्रथम एक भाषेची गोष्ट. मराठीत इंजिन 'बंद पडते' आणि विमानही 'पडते'. दोन्हीकडे क्रियापद एकच. त्यामुळे आईने 'इंजिन बंद पडले' हे शब्द ऐकले, की तिच्या डोळ्यांसमोर विहिरीत पडणारा दगड येतो. माझ्याही येत असे. प्रत्यक्षात तसे होत नाही.

विमानाला वर धरून ठेवतात ते त्याचे पंख. पंखांभोवतून हवा वेगाने वाहत राहिली, की पंख वर उचलले जातात. इंजिनाचे काम विमानाला पुढे ढकलून तो वेग टिकवण्याचे. आता इंजिन थांबले, तर वेग आणायचा कुठून? तो उंचीतून मिळतो. वैमानिक विमानाचे नाक किंचित खाली करतो आणि विमान हवेतल्या उतारावरून घसरत पुढे जाते. वेग तोच राहतो, किंमत म्हणून थोडी थोडी उंची द्यावी लागते. आम्ही पाटण तालुक्यातले. आईला मी कुंभार्ली घाटाचे उदाहरण दिले. घाटमाथ्यावरून चिपळूणकडे सायकल सोडली, तर पायडल न मारता ती किती लांब जाते! पाय थांबले म्हणून सायकल काही दरीत पडत नाही. घार तर पंख न हलवता अर्धा डोंगर ओलांडते.

मोठे प्रवासी विमान असे एक किलोमीटर खाली येईपर्यंत साधारण पंधरा ते वीस किलोमीटर पुढे जाते. ते उडते पस्तीस हजार फुटांच्या आसपास, म्हणजे साडेदहा किलोमीटर उंचीवर. हिशेब केला तर दीडशे किलोमीटरांहून जास्त पल्ला हाती राहतो. आमच्या गावावर असताना इंजिने थांबली, तरी पुण्याची धावपट्टी गाठता येईल. शिवाय वीसेक मिनिटे वेळ मिळतो. आणखी एक गोष्ट सरांनी सांगितली तेव्हा मी चकित झाले. रोजचे प्रत्येक विमान खाली उतरू लागते तेव्हा बराच वेळ इंजिने जवळजवळ मोकळीच फिरत असतात. अमेरिकेची अंतराळात जाऊन परत येणारी शटल याने १९८१ ते २०११ या काळात धावपट्टीवर उतरत ती तर मुळी इंजिनाविनाच.

आमचे अण्णा ट्रक चालवतात. ते इतका वेळ तंबाखू मळत ऐकत होते. घाटात गाडी न्यूट्रल करणाऱ्या ड्रायव्हरांवर त्यांचा फार राग. ते म्हणाले, "उतरंल गं, पण आवरायचं कसं? ट्रकाला ब्रेक हाय. हवेत ब्रेक कुठनं आणायचा?" प्रश्न अगदी मर्माचा होता, आणि त्याचे उत्तर कॅनडातल्या एका घटनेत सापडते. ती जरा विस्ताराने सांगते.

२३ जुलै १९८३. मॉन्ट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला जाणारे बोइंग ७६७ विमान. आत कर्मचारी धरून ६९ माणसे. एक्केचाळीस हजार फुटांवर असताना आधी एक आणि मग दुसरे इंजिन थांबले. कारण? इंधन संपले होते. विमानातले इंधनाचे काटे बिघडले होते, म्हणून टाकीत पट्टी बुडवून लिटर मोजले आणि वजनाचा हिशेब कागदावर केला. त्या सुमारास कॅनडात पौंड जाऊन किलोग्रॅम येत होते. एका लिटर इंधनाचे वजन ०.८ किलो धरायचे, तेथे जुन्या सवयीने १.७७ धरले गेले. हा आकडा पौंडांचा! हवे होते २२,३०० किलो, आणि भरले गेले त्याच्या निम्म्याहूनही कमी. आपल्याकडे १९५७ साली नवे पैसे आले, मग किलो-मीटर आले. तरी माझी आजी अजून पायलीने धान्य मोजते. तिच्या हिशेबावर मी पुन्हा हसणार नाही.

असो. इंजिने थांबली तसे विमानातले बहुतेक पडदे काळे झाले, कारण वीज इंजिनांवरच होत असते. पण अशा प्रसंगासाठी विमानाच्या पोटातून एक छोटा पंखा बाहेर पडतो आणि वाऱ्याने जत्रेतल्या भिरभिऱ्यासारखा फिरतो. त्याच्या जोरावर सुकाणू हलवण्यापुरती शक्ती मिळते. कॅप्टन बॉब पिअर्सन यांना बिनइंजिनाची ग्लायडर विमाने उडवण्याचा सराव होता. सहवैमानिक मॉरिस क्विंटल यांनी हिशेब केला: उंची कमी होतेय ती अशी, अंतर उरलेय ते असे, विनिपेग गाठणे होणार नाही. जवळच गिमली येथे हवाईदलाचा जुना तळ होता आणि क्विंटल यांनी पूर्वी तेथे काम केले होते. त्यांना हे ठाऊक नव्हते, की तो तळ आता बंद होऊन तेथे मोटारींच्या शर्यती होतात, आणि त्याच दिवशी तेथे लोक कुटुंबासह जमलेले आहेत.

आता अण्णांचा प्रश्न. गिमली जवळ आले तेव्हा विमान फार उंच आणि फार वेगात होते. इंजिन नाही, म्हणजे चुकले तर पुन्हा फेरी मारून येणे नाही. एकच संधी. तेव्हा पिअर्सन यांनी ग्लायडरवाल्यांची युक्ती केली. विमान एका अंगावर कलते करून नाक विरुद्ध बाजूला वळवले. विमान आडवे होऊन हवेला अंग देत घसरू लागले. हवेचा विरोध वाढला, वेग न वाढता उंची झपाट्याने कमी झाली. हाच हवेतला ब्रेक! (नेहमीच्या वेळी पंखांवरच्या फळ्या उभ्या करूनही हे साधते; येथे त्या चालवण्याएवढी शक्ती नव्हती.) चाके वजनानेच खाली सोडली, पुढचे चाक नीट अडकले नाही, ते टेकताना दुमडले आणि नाक जमिनीला घासत गेले. त्या घासण्यानेच विमान लवकर थांबले. धावपट्टीवर दोन मुले सायकल चालवत होती, तीही वाचली. मागच्या दाराने उतरताना काहींना किरकोळ खरचटले, एवढेच. ते विमान दुरुस्त होऊन २००८ पर्यंत उडत राहिले.

अण्णा म्हणाले, "माणूस पक्का ड्रायव्हर." त्यांच्याकडून यापेक्षा मोठी पदवी मिळत नाही.

आईचे मात्र समाधान झाले नव्हते. मस्कतला जाताना खाली अरबी समुद्र, हे तिला दादाच्या मित्राने सांगून ठेवले होते. "मधी समुद्रात काय धावपट्टी हाय?" मी खोटे बोलले नाही. समुद्राच्या मधोमध दोन्ही इंजिने थांबली, तर दीडशे-दोनशे किलोमीटरांत किनारा मिळेलच असे नाही. पण दोन्ही एकदम थांबणे फारच विरळा, आणि एक थांबले तर दुसऱ्यावर विमान उडत राहू शकते. अशा विमानाने, एकाच इंजिनावर ठरावीक वेळेत एखादा विमानतळ गाठता येईल असाच मार्ग धरावा, हा नियम आहे. २४ ऑगस्ट २००१ रोजी टोरांटोहून लिस्बनला जाणाऱ्या विमानाचे इंधन अटलांटिक महासागरावर गळून संपले. ते इंजिनाविना सुमारे एकोणीस मिनिटे तरंगत अझोर्स बेटांवर उतरले. ३०६ जण होते, सगळे जगले. २००९ साली जानेवारीत न्यूयॉर्कला पक्ष्यांचा थवा आदळून दोन्ही इंजिने गेली, तेव्हा कॅप्टन सलनबर्गर यांनी विमान हडसन नदीवर उतरवले. १५५ जण बाहेर आले.

शिवाय थांबलेले इंजिन पुन्हा चालूही होते. २४ जून १९८२ ला लंडनहून निघून मुंबईला थांबून पुढे गेलेले एक जंबो जेट जावा बेटाजवळ गालुंगुंग ज्वालामुखीच्या राखेत सापडले आणि चारही इंजिने थांबली. कॅप्टन एरिक मूडी यांनी प्रवाशांना शांतपणे खरी परिस्थिती सांगितली. विमान सदतीस हजार फुटांवरून घसरत राखेच्या खाली आले, इंजिनांत चिकटलेली राख गार होऊन सुटली, आणि साडेतेरा हजार फुटांच्या सुमारास पहिले इंजिन सुरू झाले. मग बाकीचीही झाली. काच राखेने घासून धुरकट झाली होती. तशा काचेतून पाहत त्यांनी जाकार्ताला विमान उतरवले.

"मग अमदाबादला का न्हाई उतरलं?" आईने शेवटी विचारले. हा प्रश्न येणार हे मला माहीत होते आणि मी त्याला भीत होते. प्राथमिक अहवालानुसार तेथे उड्डाण होताच काही सेकंदांत दोन्ही इंजिनांचे इंधन बंद झाले. तो छोटा पंखाही बाहेर आला होता. पण विमान जमिनीपासून काही शे फुटांवरच होते. सायकल घाट उतरायला आधी घाटमाथ्यावर असावी लागते. येथे घाटच नव्हता. विमानातल्या २४२ जणांपैकी एकच वाचला, जमिनीवरचेही १९ गेले. उड्डाणानंतरचा पहिला मिनिटभर धोक्याचा, हे मी आईला सांगितले. त्यापुढे उंची हीच शिल्लक, आणि ती दर क्षणाला वाढत जाते. आपल्याला उंचीची भीती वाटते. वैमानिकाला उंचीच हवी असते. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हंजी वर गेल्यावर भ्यायचं न्हाई, जाताना भ्यायचं."

तिने दादाला थांबवले नाही. तो गेला त्या दिवशी, विमान सुटण्याच्या वेळी, ती घड्याळासमोर बसली आणि बरोबर दहा मिनिटांनी उठून चुलीकडे गेली.

रात्री मस्कतहून फोन आला. जेवलास का, थंडी आहे का, हे सगळे झाल्यावर दादाने मला मागितले. म्हणाला, "खाली येताना इंजिनाचा आवाज एकदम बसला. शेजारी बिहारचा एक पोरगा होता, त्यानं माझा हातच धरला. मी म्हटलं, घाबरू नको, सायकल घाट उतरतीय. त्याला काय घाट कळंना. मग हिंदीत सांगता सांगता उतरलोच."