बेस पातळ का लागतो?

दोन डायोड पाठीला पाठ लावून तारेने जोडले, तर ट्रान्झिस्टर तयार होईल का? कागदावर एन-पी-एन अशी तीच रचना दिसते, पण प्रवर्धन मात्र होत नाही. नेमके काय हुकते, हे कळले की ट्रान्झिस्टर कळला.

एनपीएन ट्रान्झिस्टरच्या एमिटरमध्ये सिलिकॉनला फॉस्फरससारख्या मूलद्रव्याचा सढळ पुट दिलेला असतो, त्यामुळे तिथे मोकळे इलेक्ट्रॉन भरपूर. मधल्या बेसमध्ये बोरॉन, तोही बेताचा, म्हणून तिथे धनभारित होल असतात. दोघांच्या सीमेवर इलेक्ट्रॉनांना अडवणारा एक विद्युत चढ आपोआप तयार होतो. बेसला सुमारे ०.६ ते ०.७ व्होल्ट दिले की तो चढ उतरतो आणि इलेक्ट्रॉन बेसमध्ये घुसतात.

इथून पुढचा भाग मला फार सुंदर वाटतो. साध्या ट्रान्झिस्टरच्या बेसमध्ये या इलेक्ट्रॉनांना ढकलणारे विद्युत क्षेत्र जवळपास नसते. एमिटरच्या कडेला त्यांची दाटी, पलीकडच्या तिसऱ्या थराच्या, म्हणजे कलेक्टरच्या, कडेला जवळजवळ शून्य. केवळ या फरकामुळे ते विसरणाने पुढे सरकतात. कलेक्टरची सीमा उलट्या दाबाखाली असते. बेसमधल्या होलना ती चढ वाटते, पण इलेक्ट्रॉनांचा भार उलटा, म्हणून त्यांना तोच उतार! कडेला पोहोचलेला प्रत्येक इलेक्ट्रॉन कलेक्टरमध्ये ओढला जातो. बेस जाड असता, तर वाटेतच होलशी गाठ पडून सगळे संपले असते. तारेने जोडलेल्या डायोडांत हेच घडते.

बेसचा प्रवाह म्हणजे या वाटेतल्या गळतीची आणि उलटे एमिटरमध्ये शिरणाऱ्या होलची भरपाई. शंभरात एखादाच वाया गेला, तर प्रवर्धन शंभराच्या घरात जाते. 'छोटा प्रवाह मोठ्याला चालवतो' हे पाठ्यपुस्तकी वाक्य हिशेबाला चालेल, कारण म्हणून नाही. सूत्रे हातात असतात ती बेस-एमिटरमधल्या व्होल्टेजच्या. खोलीच्या तापमानाला ते सुमारे ६० मिलिव्होल्टने वाढवले, की कलेक्टरचा प्रवाह दहापट होतो.

डिसेंबर १९४७ मध्ये बेल लॅब्जमध्ये बार्डीन आणि ब्रॅटन यांनी जर्मेनियमवर सोन्याची दोन टोके टेकवून पहिला ट्रान्झिस्टर चालवला, तेव्हा वाहक पृष्ठभागालगत धावतात असा त्यांचा समज होता. वाहक स्फटिकाच्या आतून जाऊ शकतील, या कल्पनेवर विल्यम शॉकली यांनी जानेवारी १९४८ मध्ये जंक्शन ट्रान्झिस्टर मांडला. पुढच्याच महिन्यात जॉन शाइव्ह यांनी जर्मेनियमच्या पातळ कापाच्या दोन विरुद्ध बाजूंना टोके लावली, तरीही प्रवर्धन झाले. वाहक आरपार जात होते.

मॉर्गन स्पार्क्स आणि गॉर्डन टील यांनी १९५० मध्ये जंक्शन ट्रान्झिस्टर प्रत्यक्षात आणला, पण त्याचा बेस बराच जाड असल्याने तो मंद होता. विसरणाला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी निम्मी केली, तर वेळ पावपट. सिलिकॉन-जर्मेनियमच्या आधुनिक ट्रान्झिस्टरांत बेस काही दशक नॅनोमीटरच उरतो, आणि ते शेकडो गिगाहर्ट्झपर्यंत पोहोचतात.