ग्राफिक्स कार्डातील बिघाड आणि दुर्बल वीजपुरवठा : निदानाची एक पद्धत

बीजसंज्ञा : ग्राफिक्स कार्ड, एस.एम.पी.एस., १२ व्होल्ट वाहिनी, अदलाबदल चाचणी

प्रस्तावना :
चलच्चित्र-संपादन, भौगोलिक माहिती प्रणाली, त्रिमितीय आरेखन अशा कामांसाठी महाविद्यालयांतून स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असलेले संगणक वापरले जातात. आमच्या प्रयोगशाळेतील असाच एक संगणक ऐन कामाच्या भरात अकस्मात बंद पडत असे. कार्ड सदोष ठरवून नवे आणले गेले. आठवडाभरात तोच प्रकार पुन्हा घडला. दोष कार्डात नव्हे, तर त्यास वीज पुरविणाऱ्या एस.एम.पी.एस.मध्ये होता. तोपर्यंत जुने कार्ड मात्र निर्लेखनाच्या यादीत जाऊन पडले होते. लक्षण जेथे दिसते तेथेच कारण असते, हे गृहीतक किती महाग पडते याचा हा अनुभव होय. सबब, कार्ड बाद ठरविण्यापूर्वी कोणता तपास करावा, हे विशद करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विजेचे गणित :
एस.एम.पी.एस. भिंतीवरील २३० व्होल्ट प्रत्यावर्ती विजेचे रूपांतर १२, ५ व ३.३ व्होल्टच्या एकदिश विजेत करतो. ग्राफिक्स कार्डाची भूक प्रामुख्याने १२ व्होल्ट वाहिनीवर भागते. मदरबोर्डावरील खाचेतून कार्डास कमाल ७५ वॉट, सहा पिनांच्या जोडणीतून ७५ वॉट व आठ पिनांच्या जोडणीतून १५० वॉट मिळू शकतात.

म्हणून एस.एम.पी.एस.वरील ठळक आकड्यापेक्षा लेबलावरील १२ व्होल्टचा रकाना महत्त्वाचा ठरतो. समजा, ४५० वॉट असे लिहिलेल्या संचाच्या त्या रकान्यात १८ अँपिअर आहेत. १२ गुणिले १८ म्हणजे केवळ २१६ वॉट. १५० वॉटचे कार्ड, ९५ वॉटचा प्रोसेसर आणि पंखे व डिस्क यांचे सुमारे २० वॉट मिळून गरज २६५ वॉटवर जाते. येथे कार्ड निर्दोष असूनही संगणक कोलमडणार, हे उघड आहे.

लक्षणांचा अर्थ :
१) साधे टंकलेखन सुरळीत, परंतु भार वाढताच संगणक क्षणार्धात बंद पडणे वा पुन्हा सुरू होणे : वीजपुरवठ्याचा संशय प्रबळ.
२) संगणक सुरू होतानाच, भार नसताही पडद्यावर रंगीत ठिपके वा पट्टे उमटणे : कार्डाचा, विशेषतः त्यावरील स्मृतीचा दोष संभवतो.
३) वेग हळूहळू मंदावणे व पंख्याचा आवाज वाढणे : उष्णता अथवा साचलेली धूळ.
४) पडदा क्षणभर काळा होऊन पूर्ववत होणे : ड्रायव्हर, कार्ड वा वीज यांपैकी काहीही, एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद आढळते. तिचा अर्थ संगणक रीतसर बंद झाला नाही, एवढाच, तो एस.एम.पी.एस.विरुद्धचा पुरावा नव्हे.

तपासणीचा क्रम :
प्रथम जोडण्या घट्ट आहेत का, ते पाहावे. साटा जोडणीतून कार्डास वीज देणारे अ‍ॅडॅप्टर टाळावेत. साटा जोडणीची १२ व्होल्टवरील क्षमता ५४ वॉटच असते. दुसरे, कार्डाचे तापमान नोंदवावे. तिसरे, भार चालू असताना मोकळ्या मोलेक्स जोडणीतील पिवळ्या व काळ्या तारांमध्ये मल्टिमीटरने दाब मोजावा. तो ११.४० ते १२.६० व्होल्ट या मर्यादेत असला पाहिजे. चौथे, सॉफ्टवेअरद्वारे कार्डाची वीजमर्यादा ७० ते ८० टक्क्यांवर आणावी. त्यायोगे बिघाड थांबल्यास विजेवरील संशय बळावतो. तथापि उष्णताही घटते, म्हणून तापमानाची नोंद सोबत वाचावी.

मल्टिमीटरचीही मर्यादा आहे. कार्डाची मागणी काही मिलिसेकंदांपुरती उसळते. मीटर मात्र सरासरी दाखवितो. २०२२ मधील एटीएक्स ३.० या मानकाने अशा उसळ्या पेलण्याची अट घातली, ती याच कारणाने. जुन्या संचातील कपॅसिटर कालौघात क्षीण होतात, हेही ध्यानी घ्यावे.

अखेरचा निर्णय अदलाबदल चाचणीनेच होतो. संशयित कार्ड सुस्थितीतील व पुरेशा क्षमतेच्या संगणकात त्याच भारावर चालवावे आणि मूळ संगणकास खात्रीचा एस.एम.पी.एस. जोडावा. एका वेळी एकच घटक बदलावा. सुट्या तारांच्या संचात तारांसह संपूर्ण संच बदलावा. निरनिराळ्या उत्पादकांच्या तारा परस्परांना जुळतीलच असे नाही. एस.एम.पी.एस. कधीही उघडू नये. वीज तोडल्यावरही त्यात घातक प्रभार शिल्लक राहतो.

वीज जाण्याच्या क्षणीच संगणक बंद पडत असेल, तर प्रथम यूपीएस तपासावा. ६०० व्हीएच्या अनेक यूपीएसची प्रत्यक्ष क्षमता ३६० वॉटच असते.

समारोप :
सारांश, लक्षण संशय निर्माण करते, मापन तो बळकट करते आणि अदलाबदल त्याचा निकाल लावते. निर्लेखनाच्या प्रस्तावावर स्वाक्षरी करण्यापूर्वी अदलाबदल चाचणीची लेखी नोंद मागावी. तेवढ्याने महाविद्यालयाचा निधी आणि विद्यार्थ्यांचे प्रात्यक्षिक, दोन्ही वाचू शकतात.