कागदाच्या वेशीवर अडलेल्या आमच्या लेकी

दवाखान्यात रात्री दोन वाजता सलाइन संपले तर धावत कोण येते? डॉक्टर साहेब सकाळी राउंडला येतात. रात्री येते ती सिस्टर. जळगाव, भुसावळ, अमळनेर, धुळे, साक्री, शिरपूर, कुठल्याही दवाखान्यात जा आणि सिस्टरला तिचे गाव विचारा. आमच्या वस्तीतली नाहीतर सातपुड्याच्या पायथ्याची तडवी, पावरा, भिल्ल समाजाची लेक तुम्हाला हमखास भेटेल. रक्त, पू, मलमूत्र यांना हात लावावा लागणारे हे काम. ज्यांना सोवळे सांभाळायचे होते त्यांनी आपल्या मुली यात घातल्या नाहीत. सावित्रीमाई १८९७ साली प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना गेल्या. तो वारसा कोणी उचलला, हे वॉर्डात उभे राहिल्यावर कळते.

आता याच लेकींना परदेशात जायचे आहे. का जाऊ नये? छोट्या खाजगी दवाखान्यात बारा तासांची ड्युटी आणि हातावर टेकवलेले रोख पैसे. ना नेमणूकपत्र, ना पगाराची पावती. सरकारी आरोग्य अभियानात गेली तर वर्षानुवर्षे कंत्राटी. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये याच कंत्राटी कर्मचाऱ्यांना कायम होण्यासाठी राज्यभर संपावर जावे लागले होते. मग आखातात, इंग्लंडात, जर्मनीत परिचारिका हवी आहे असे ऐकल्यावर मुलगी कागद गोळा करू लागते. आणि तिथेच अडते. इंजेक्शन देताना तिचा हात कापत नाही. तिला अडवतो तो कागद.

गेले वर्षभर आम्ही काही कार्यकर्ते जळगावात एका विहारात रविवारी बसतो आणि या मुलींची कागदपत्रे पाहतो. पहिल्याच रविवारी धुळे जिल्ह्यातून एक माय लेकीला घेऊन आली. पिशवीतून एकेक कागद काढत म्हणाली, "कितला कागद लागतस रे भाऊ?" आम्ही कागद मांडले आणि आमचेच डोके गरगरले. शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी जे ऐकले ते नाव. दहावीच्या सनदेवर वडिलांनी मधल्या काळात बदललेले आडनाव, कारण जुन्या आडनावावरून जात कळत होती. जीएनएमच्या प्रमाणपत्रावर माहेरचे नाव, कौन्सिलच्या नोंदणीवर सासरचे, आणि पासपोर्टवर सासूने लग्नात ठेवलेले नवे नाव. बाई एक, नावे चार!

घरात याचे कोणाला काही वाटत नाही. परंतु आखातातल्या परवान्याची रीत वेगळी आहे. सौदी अरेबिया असो की दुबई, तेथील आरोग्य खात्यांनी पडताळणीचे काम डेटाफ्लो नावाच्या कंपनीकडे दिलेले आहे. ही कंपनी मुलीचे कागद पाहून गप्प बसत नाही. ती थेट नर्सिंग शाळेला, कौन्सिलला आणि जिथे नोकरी केली त्या दवाखान्याला विचारते, की ही बाई तुमच्याकडे होती का? समोरच्याने उत्तर दिले नाही किंवा नाव जुळले नाही, तर पडताळणी अडकते. फी भरलेली असते. ती गेली. प्रोमेट्रिकची संगणक परीक्षा पास झालेली मुलगीही इथे अडकून पडते.

जातीची ओळख पुसण्यासाठी बापाने आडनाव बदलले आणि बाईची ओळख पुसण्याच्या रिवाजाने सासरी नाव बदलले. जातीने एक बदल करायला लावला, पुरुषी रिवाजाने दुसरा. आणि दोन्हींचा दंड मुलगी भरते आहे. यावर इलाज आहे. शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्यावा, विवाह नोंदणीचा दाखला जोडावा, कौन्सिलच्या नोंदीत दुरुस्ती करून घ्यावी आणि मगच पासपोर्टला हात घालावा. हा क्रम उलटा झाला की सहा महिने गेलेच समजा. पण हा क्रम सांगणारे वस्तीत कोणी आहे का?

दुसरा अडसर याहून मोठा आहे आणि त्याबद्दल आम्हाला थोडे कडू बोलावे लागेल. आमच्यातल्या पुष्कळ मुली एएनएम करतात. दोन वर्षांचा कोर्स, खर्च कमी, आणि लवकर नोकरी लागेल ही घरची आशा. लसीकरण, बाळंतपण, पाड्यापाड्यावरची पायपीट, सारे एएनएमच करते. परंतु परदेशातल्या बहुतेक नोंदणी मंडळांच्या लेखी एएनएम ही परिचारिका नाहीच. तिथे जीएनएम किंवा चार वर्षांची बीएस्सी नर्सिंग लागते. गावात जिला सारे 'नर्सबाई' म्हणतात ती विमानतळापलीकडे फार तर 'केअर वर्कर'. इंग्लंडने फेब्रुवारी २०२२ मध्ये केअर वर्करसाठी व्हिसा खुला केला, तेव्हा एजंटांनी तो लाखो रुपयांना विकला. २२ जुलै २०२५ पासून परदेशातून ही नवी भरती इंग्लंडने बंद केली. कर्ज काढून पैसे भरलेल्यांचे काय झाले असेल ते वाचकांनी ओळखावे. आमच्या मुलींना कमी वर्षांच्या, कमी दर्जाच्या कोर्सला घालायचे आणि मग दर्जा कमी आहे म्हणून दारातून परत पाठवायचे, ही पायऱ्यांची उतरंड आपल्या ओळखीची नाही काय?

जीएनएम झालेल्या मुलीपुढे इंग्रजी उभे असते. इंग्लंडच्या नर्सिंग कौन्सिलला आयईएल्ट्समध्ये ऐकणे, वाचणे, बोलणे यात प्रत्येकी ७ आणि लिहिण्यात ६.५ गुण लागतात, किंवा त्याऐवजी ओईटी ही आरोग्यसेवकांसाठीची परीक्षा द्यावी लागते. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून आलेल्या मुलीला हे जमते, नाही असे नाही; पण दोन-तीन वेळा बसावे लागते आणि प्रत्येक वेळी हजारो रुपये मोजावे लागतात. पुढची ऑस्की नावाची प्रात्यक्षिक परीक्षा इंग्लंडातच होते. तिची फी ७९४ पौंड, म्हणजे ८० हजार रुपयांच्या वर. चांगले सरकारी रुग्णालय नेत असेल तर हा खर्च बहुधा तेच उचलते. पण मुलीला हे ठाऊक नसते आणि एजंट मुद्दाम सांगत नाही. अमेरिकेसाठी एनक्लेक्स. केंद्र मुंबईत आहे, पास होणाऱ्याही आहेत. मात्र भारतीयांची ग्रीन कार्डाची रांग दहा वर्षांहून लांब आहे. अमेरिकेचे स्वप्न विकणारा कोणी खान्देशात आला तर त्याला आधी या रांगेबद्दल विचारा.

आणि बॉण्ड! एका मुलीची मूळ प्रमाणपत्रे तिने जिथे काम केले त्या खाजगी दवाखान्याने कपाटात ठेवून घेतली होती. "दोन वर्षे पूर्ण कर, नाहीतर लाख रुपये भर." ही मुलगी दीड वर्ष रडत होती. कराराचा वाद असेल तर कोर्टात जा. पण मूळ सनद मुलीची आहे, ती ओलीस ठेवण्याचा हक्क कोणाला नाही. आम्ही चौघे जण तिच्याबरोबर गेलो, लेखी अर्ज दिला, पोच मागितली. चौथ्या दिवशी कागद मिळाले. या वेळी आम्हाला बडोद्याची आठवण झाली. १९१३ साली बाबासाहेबांनी सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीसाठी करार केला होता. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे. आणि शिक्षण झाल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी. तोही बॉण्डच. तो पाळायला बाबासाहेब १९१७ साली बडोद्याला गेले आणि तिथे त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पण महाराजांनी आधी पैसे दिले, शिकवले, मग नोकरी मागितली. इथे मुलीच्या बापाने फी भरली, शेत गहाण टाकले, आणि बॉण्ड मात्र दवाखान्याचा!

केरळच्या मुली जातात, मग आमच्या का नाही, असे अनेक जण विचारतात. त्यांच्या पाठीमागे त्यांचे राज्य उभे आहे. ओडेपेक ही त्यांची सरकारी भरती संस्था १९७७ पासूनची, नोर्का रूट्स २००२ पासूनची. २०१५ साली कोचीच्या एका एजन्सीने कुवेतला जाणाऱ्या परिचारिकांकडून साडेएकोणीस हजारांच्या जागी साडेएकोणीस लाख उकळल्याचे प्रकरण उघडकीस आले. त्याच वर्षी केंद्राने ठरवले, की आखातासह अठरा देशांत परिचारिकांची भरती ठराविक सरकारी संस्थांमार्फतच होईल. सुरुवातीच्या यादीत या दोन्ही केरळच्या संस्था होत्या. महाराष्ट्राचे नाव नव्हते. फसवणूक थांबावी म्हणून केलेला नियम चांगला. पण चोपड्याच्या मुलीने मग अर्ज तिरुवनंतपुरमला करायचा? नंतर आणखी राज्यांच्या संस्था आल्या, तोवर आमच्याकडे एजंटांनी दुकाने मांडली होती. कायद्याने एजंटाला सेवाशुल्क ३० हजार रुपये आणि त्यावरचा कर एवढेच घेता येते. दोन लाख मागणाऱ्याकडे पावती मागून बघा.

फिलिपाइन्सचे उदाहरण याहून बोलके आहे. परिचारिका परदेशी पाठवणारा जगातला हा नावाजलेला देश. जून २००६ मध्ये तिथल्या राष्ट्रीय परवाना परीक्षेचे पेपर फुटले. बसलेले उमेदवार सुमारे ४२ हजार. अमेरिकेच्या पडताळणी संस्थेने २००७ साली सांगितले, की फुटलेले दोन भाग पुन्हा दिल्याशिवाय त्या तुकडीला अमेरिकेचे प्रमाणपत्र नाही. ज्यांनी पेपर पाहिलाही नव्हता त्यांनाही तो डाग लागला. आपल्या शेजारी, सातपुड्यापलीकडे मध्य प्रदेशात, हायकोर्टाच्या आदेशाने सीबीआयने तीनशेवर नर्सिंग कॉलेजे तपासली, तर निम्म्याहून थोडीच अधिक ठीक निघाली. आणि २०२४ साली तपासणारे सीबीआयचे काही अधिकारीच लाचेत सापडले. कमी फी पाहून मुलीला कुठेही घालणाऱ्या पालकांनी हे वाचून ठेवावे. शाळेची पत गेली की मुलीची सनद परदेशात रद्दी.

आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत जागा रिकाम्या असताना मुली बाहेर कशाला, असा एक आक्षेप चळवळीतूनच येतो. आक्षेप खोटा नाही. पण त्या जागा कायम पगाराने भरायच्या शासनाने, आणि देशसेवेचा भार वाहायचा एका गरीब मुलीने, हे आम्हाला पटत नाही.

शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यात परिचारिकाही होत्या. आमचा साधा प्रश्न : रावेर, यावल, चोपडा, साक्री, शिरपूर या तालुक्यांतल्या किती मुलींना जर्मन शिकवले? राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती चांगली, पण तिच्या ७५ जागा परदेशी विद्यापीठात शिकणाऱ्यांसाठी आहेत. परवाना परीक्षेची फी त्यातून मिळत नाही. बार्टीने स्पर्धा परीक्षांबरोबर ओईटीचे आणि जर्मनचे वर्ग जळगाव आणि धुळ्यात भरवावेत आणि एएनएम झालेल्या मुलीला पुढे जीएनएम करायला समाजकल्याणने फी द्यावी. दरवर्षी ३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर हजारो लोक जमतात. या वर्षी तिथे पुस्तकांच्या स्टॉलशेजारी आम्ही एक टेबल मांडणार आहोत. मुलींनी दहावीची सनद, शाळा सोडल्याचा दाखला, नर्सिंगच्या सर्व वर्षांच्या गुणपत्रिका, कौन्सिलची नोंदणी आणि अनुभवाचे दाखले घेऊन यावे. झेरॉक्स आणा, मूळ प्रती कोणाच्याही हातात देऊ नका. आमच्याही नाही.