उस्मानाबादी शेळीची जुळी करडं आणि हार्मोनचं इंजेक्शन : सुई टोचण्याआधी हे समजून घ्या

जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये धाराशिव झालं, पण इथल्या शेळीला सगळा महाराष्ट्र अजून उस्मानाबादी म्हणूनच ओळखतो. बहुतेक काळ्या रंगाची, कमी पाण्या-चाऱ्यावर तग धरणारी आणि जुळ्या करडांसाठी नावाजलेली ही जात. ज्या घरात गुंठाभर जमीन नाही तिथंही दोन-चार शेळ्या असतात आणि बहुतेक वेळा घरातल्या बायकाच त्या सांभाळतात. पोरांची फी, दवाखाना, लग्नकार्य, सगळ्याला तोच आधार. त्यामुळं शेळी उलटली किंवा माजावरच आली नाही, तर घराचा हिशेब बिघडतो.

अशा वेळी कुणीतरी सल्ला देतं, "एक हार्मोनचं इंजेक्शन द्या, माजावर येईल आणि जुळी देईल." ते इंजेक्शन शरीरात नेमकं काय करतं, हे आपण आधी समजून घेऊ.

माज येतो कसा?

शेळीची सगळी बीजांडं ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार झालेली असतात. नंतर नवीन बनत नाहीत. त्यातली काही ठरावीक काळानं वाढायला लागतात. प्रत्येक बीजांड पाण्याच्या फोडासारख्या एका लहान पिशवीत असतं. मेंदूखालच्या ग्रंथीतून येणारं एफएसएच हे हार्मोन या पिशव्या वाढवतं. वाढलेल्या पिशवीतून इस्ट्रोजेन सुटतं. त्यामुळंच शेळी ओरडते, शेपूट हलवते, चारा कमी खाते आणि सोट टाकते. यालाच आपण माज म्हणतो.

इस्ट्रोजेन पुरेसं वाढलं की एलएच हे दुसरं हार्मोन एकदम उसळतं, पिशवी फुटते आणि बीजांड बाहेर पडतं. रिकाम्या जागेवर पीतपिंड तयार होतो आणि त्यातून प्रोजेस्टेरॉन येतं. हे गाभ टिकवणारं हार्मोन. गाभ राहिला नाही, तर साधारण सोळा-सतराव्या दिवशी गर्भाशय प्रोस्टाग्लॅंडिन सोडून पीतपिंड विरघळवतं आणि २१ दिवसांच्या आसपास शेळी पुन्हा माजावर येते.

माज एक ते दीड दिवस टिकतो आणि बीजांड माजाच्या शेवटाकडं सुटतं. म्हणून सकाळी माज दिसला तर संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बोकड दाखवावा.

शेळीला जुळी, घोडीला का नाही?

घोडीचं चक्रही सुमारे २१-२२ दिवसांचंच असतं. पण तिचा माज पाच ते सात दिवस चालतो आणि बहुतेक वेळा एकच बीजांड सुटतं. घोडीला जुळी राहिली तर बऱ्याचदा दोन्ही शिंगरं जातात. उस्मानाबादी शेळीत मात्र दोन बीजांडं सुटणं ही नेहमीची गोष्ट आहे. तो गुण रक्तातून येतो, म्हणून जुळ्यातला बोकड आणि जुळ्यातली पाठ पैदाशीला ठेवणं फायद्याचं.

घोडीचा विषय काढायला आणखी एक कारण आहे. पीएमएसजी नावाचं जे इंजेक्शन शेळीला दिलं जातं, ते गाभण घोडीच्या रक्तापासून बनतं. गाभाच्या साधारण ४० ते १२० दिवसांत घोडीच्या रक्तात हे हार्मोन असतं. १९३० मध्ये अमेरिकेतल्या कोल आणि हार्ट या शास्त्रज्ञांनी ते शोधलं. शेळीच्या अंगात गेल्यावर ते एफएसएचसारखं काम करतं, म्हणजे जास्त बीजांडं वाढवतं.

डॉक्टर याचा उपयोग एका पद्धतीनं करतात. शेळीच्या योनीत प्रोजेस्टेरॉनसारख्या औषधाचा स्पंज ११ ते १४ दिवस ठेवतात, तो काढताना पीएमएसजी देतात आणि एक-दोन दिवसांत सगळ्या शेळ्या एकत्र माजावर येतात. कृत्रिम रेतन करायचं असेल तर ही सोय मोठी आहे. पण डोस जास्त झाला तर नको तितकी बीजांडं सुटतात आणि गर्भ टिकत नाहीत किंवा करडं अशक्त निघतात. तेच इंजेक्शन वारंवार दिलं तर शेळीच्या अंगात त्याविरुद्ध प्रतिकारशक्ती तयार होते आणि परिणाम कमी होत जातो.

सर्वात मोठा धोका

बाजारात दुसरं इंजेक्शन मिळतं ते प्रोस्टाग्लॅंडिनचं. ते पीतपिंड विरघळवतं. शेळीचा गाभ शेवटच्या दिवसापर्यंत याच पीतपिंडावर टिकलेला असतो. म्हणजे "माजावर येत नाही" म्हणून ज्या शेळीला सुई टोचली ती आधीच गाभण असेल, तर ती गाभडणार. आणि शेळी उपासमारीनं माजावर येत नसेल, तर तिच्या अंगात पीतपिंडच नसतो, त्यामुळं या इंजेक्शनचा काही उपयोगच होत नाही. पैसे मात्र जातात.

आणखी एक गोष्ट घरातल्या बायकांनी लक्षात ठेवावी. हे औषध कातडीतूनही अंगात शिरतं. गरोदर बाईनं आणि दम्याच्या रुग्णानं त्याला हातही लावू नये.

आधी हे करून बघा

एक, खुराक. भरवण्याआधी दोन-तीन आठवडे रोज २०० ते ३०० ग्रॅम मका, ज्वारीचा भरडा किंवा चुणी द्या. पोट भरलेलं असल्याचा निरोप मेंदूला मिळाला की जास्त बीजांडं वाढतात. एकदम जास्त धान्य देऊ नका, हळूहळू वाढवा.

दोन, बोकड. तीन आठवडे बोकड नजरेआड आणि वासाआड ठेवा, मग एकदम कळपात सोडा. त्याच्या वासानंच एलएच हलतं आणि थांबलेल्या बऱ्याच शेळ्या काही दिवसांत माजावर येतात.

तीन, वजन. पाठ पहिल्यांदा माजावर आली म्हणून लगेच भरवू नका. निदान २० ते २२ किलो होऊ द्या.

चार, तपासणी. शेळी गाभडली असेल तर ब्रुसेला या रोगाची तपासणी करून घ्या. तो माणसालाही होतो, म्हणून पडलेला गर्भ उघड्या हातानं उचलू नका.

ईदचा हिशेब

बकरी ईदला बोकड किमान एक वर्षाचा हवा. शेळीचा गाभ पाच महिन्यांचा. म्हणजे ईदच्या निदान १७ महिने आधी शेळी फळायला हवी. २०२८ ची ईद मेच्या सुरुवातीला येण्याचा अंदाज आहे, त्यासाठी शेळ्या २०२६ च्या नोव्हेंबरपर्यंत भरवाव्या लागतील. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं सरकते, तेवढा हा हिशेबही मागं घ्यायचा. पावसाळ्यानंतर रानात चारा असतो आणि शेळ्या अंगानं भरलेल्या असतात, त्यामुळं हा काळ सोयीचाच आहे.

इंजेक्शन वाईट नाही, ते डॉक्टरच्या हातातलं हत्यार आहे. गाभण तपासणी झाल्याशिवाय आणि पशुवैद्यकीय डॉक्टरला विचारल्याशिवाय ते शेळीला देऊ नका. दोन शेळ्यांच्या घरात एक शेळी गाभडली, तर निम्मी कमाई गेली असं समजा.