वेला पल्सार : एक तारा, दोन उगम

वेला पल्सारकडे मी तारा म्हणून कमी आणि यंत्र म्हणून जास्त पाहतो. सुमारे 11,000 वर्षांपूर्वी एका महाकाय ताऱ्याचा स्फोट झाला आणि मागे हा न्यूट्रॉन तारा उरला. व्यास जेमतेम 25 किलोमीटर, वस्तुमान मात्र सूर्याहून अधिक, आणि सेकंदाला 11 फेऱ्या. मार्चमधल्या रात्री दक्षिणेला अगस्त्य दिसतो, त्याच्या डावीकडे हा आहे. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

या यंत्राला इंधन नाही. फिरण्याची ऊर्जा हीच त्याची पुंजी. ती खर्च होते तसा तारा मंदावतो. प्रबळ चुंबकीय क्षेत्रासह फिरताना तो जनित्रासारखा प्रचंड विद्युतदाब निर्माण करतो. त्या दाबाने इलेक्ट्रॉन सुटतात, वक्र चुंबकीय रेषांवरून धावताना गॅमा किरण सोडतात, त्या किरणांपासून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोड्या बनतात आणि कणांचा लोंढा वाढत जातो. रेडिओलहरी निघतात त्या चुंबकीय ध्रुवांवरच्या या लोंढ्यातून, पृष्ठभागापासून काही शेकडो किलोमीटरच्या आत. असंख्य कण एका तालात हलले तरच त्या इतक्या तेजस्वी होऊ शकतात. हा ताल कसा जमतो, यावर 1967 मध्ये जोसलिन बेल यांना पहिला पल्सार सापडल्यापासून आजवर एकमत नाही.

गॅमा किरणही ध्रुवांजवळच निघतात, असे अनेकांना वाटे. वेलाने ते खोडून काढले. झोत पृथ्वीवरून फिरून जातो तेव्हा स्पंद दिसतो. वेलाच्या एका फेरीत रेडिओचा एक स्पंद येतो, गॅमाचे दोन. त्यातला पहिला रेडिओनंतर सुमारे 12 मिलिसेकंदांनी. उगम एकच असता तर ते एकत्र आले असते. 2008 मध्ये अवकाशात गेलेल्या फर्मी दुर्बिणीने पुरावा पक्का केला. ध्रुवांजवळच्या तीव्र क्षेत्रात सर्वाधिक ऊर्जेचे किरण जोड्यांत विरून जायला हवेत, म्हणजे वर्णपट वरच्या टोकाला एकाएकी तुटायला हवा. तो हळूहळू उतरतो. याचा अर्थ ते किरण दूर जन्मतात : अक्षापासून सुमारे 4,300 किलोमीटरवर, जिथे ताऱ्याबरोबर फिरायला प्रकाशाचा वेग लागेल, त्या सीमेच्या आसपास. वेला गमावत असलेल्या ऊर्जेचा सुमारे एक टक्का या किरणांत जातो. रेडिओचा वाटा त्यापुढे नगण्य, आणि तरीही पल्सार आपल्याला आधी रेडिओनेच कळले, याचे मला आजही नवल वाटते.

दोन उगम वेगळे असल्याने काही पल्सार फक्त गॅमात दिसतात. रेडिओचा अरुंद झोत पृथ्वीला चुकवून जातो. सगळ्यांचे तसे नसते. फर्मीला सापडलेल्या अनोळखी गॅमा स्रोतांत पल्सारचा शोध नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनेही घेतला. त्यात हाती आलेला जे1544+4937 हा पल्सार 2.16 मिलिसेकंदांत एक फेरी पुरी करतो. रेडिओवरून त्या फेऱ्यांचा अचूक हिशेब मिळाला. तो लावून फर्मीने वर्षानुवर्षे टिपलेले विखुरलेले गॅमा कण मांडले, तेव्हा त्यांतही तीच स्पंदने उमटली.