आजाऱ्याशेजारी कोण बसतं?

ओरोसला राहणाऱ्या माणसाला माकडांविषयी बोलायला निमित्त लागत नाही. कुणाची शहाळी, कुणाचे केळीचे घड, कुणाची कौलं. त्यांनी काही ना काही नासलेलं असतंच. मी बँकेत असताना कर्जासाठी येणारे काजू-नारळाचे बागायतदार हप्त्याच्या आधी माकडांवर बोलायचे. पण या गप्पांत एक प्रश्न कधी निघत नसे. माकड आजारी पडलं तर त्याच्या टोळीत काय होतं?

२०१६ च्या जानेवारीत हा प्रश्न आपल्या दाराशी आला. दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावच्या परिसरात माकडं मेलेली सापडली आणि गावातली माणसं तापाने फणफणली. निदान झालं क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, आपल्या भाषेत माकडताप. आदल्या वर्षी तो गोव्यात सत्तरीत दिसला होता, पुढल्या वर्षी बांद्याच्या परिसरात पसरला. मुळात हा विषाणू सापडला १९५७ साली, कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात. तिथल्या क्यासनूर जंगलात माकडं मरत होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, त्याचा छडा लावला.

नाव माकडाचं असलं तरी ताप पसरवते गोचीड. तिची बारीक पिल्लं पाचोळ्यात असतात. माकडाला चावतात, तशी काजू वेचणाऱ्या आणि लाकूडफाटा आणणाऱ्या माणसालाही. काळ्या तोंडाचं वानर आणि लाल तोंडाचं माकड, दोघंही या तापाने मरतात. माकड मेलं की अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि ती जागा धोक्याची होते.

दुपारच्या वेळी टोळी पाहा. एक दुसऱ्याच्या उवा काढत बसलेलं असतं. ही नुसती स्वच्छता नव्हे. मैत्री, मानपान, भांडणानंतरची समजूत, सगळं त्यातच चालतं. आजार पहिला घाव घालतो तो या व्यवहारावर. युगांडातल्या लाल कोलोबस माकडांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. आतड्यात कृमी झालेली माकडं अधिक विसावत, झाडाची साल अधिक खात आणि उवा काढणं कमी करत.

बाकीची काय करतात? टांझानियातल्या गोंबेच्या जंगलात १९६६ मध्ये चिंपांझींना पोलिओ झाला. जेन गुडाल यांनी मॅकग्रेगर नावाच्या म्हाताऱ्या नराची हकिगत लिहून ठेवली आहे. त्याचे दोन्ही पाय गेले होते. उवा काढत बसलेल्या सोबत्यांकडे तो हातांवर सरपटत गेला, झाडावर चढला. ते उठून दूर गेले. एकटा हम्फ्री मात्र त्याच्या आसपास राहिला. केळ्यांत लस घालून इतरांना वाचवायचा प्रयत्न झाला, पण मॅकग्रेगरचे हाल अखेर माणसांनाच थांबवावे लागले.

हे वाचून माकडजात निर्दय वाटेल. पण आफ्रिकेतल्या गॅबॉन देशातल्या मँड्रिल माकडांनी गोष्ट पुढे नेली. पोटात परजीवी असलेल्या सोबत्याच्या उवा काढणं ती टाळतात आणि औषधाने परजीवी गेले की पुन्हा जवळ येतात, असं २०१७ मध्ये दिसून आलं. ते टाळणं म्हणजे सावधपणा होता. २०२० मध्ये आणखी एक गोष्ट कळली. आई आणि लेकरं, एकाच आईची भावंडं, आजारातही एकमेकांना टाळत नाहीत. धोका असतो, तरी हात थांबत नाही.

मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण कुणापासून दूर राहायचं हे आपल्यालाही ठरवावं लागतं. माकडताप माणसाकडून माणसाला होत नाही. अचानक चढणारा ताप, डोकेदुखी, अंग मोडून येणं, पराकोटीचा अशक्तपणा. शंभरात तीन ते पाच रुग्ण दगावू शकतात. पण तापलेल्या माणसाच्या उशाशी बसायला, त्याला पेज भरवायला काहीच हरकत नाही. त्याला वाळीत टाकण्याचं कारण नाही, डॉक्टरकडे नेण्यात उशीर मात्र नको.

दूर राहायचं ते मेलेल्या माकडापासून. आपल्याकडे वानर मेलं की मारुतीचा अवतार म्हणून त्याला फुलं वाहतात, खांद्यावरून नेऊन पुरतात. ती भक्ती खरी आहे, पण त्या खांद्यावर गोचीड उतरू शकते. म्हणून हात न लावता वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवावं. काजूच्या हंगामात अंगभर कपडे घालावेत, आरोग्य खात्याने दिलेलं तेल लावावं, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करावी आणि मुलांचे कान-मान पाहावेत. बागेत कुणी ओरडून सांगितलं, "वांदर मेलो हा, थय जाव नको," तर ते घाबरटपणाचं बोलणं समजू नये.

ज्याला आपण बागेतला चोर म्हणतो, तो मरताना गावाला सावध करून जातो. नुकसानीचा हिशेब मांडताना तेवढं एक त्याच्या जमेच्या बाजूला लिहायला हवं.