दगड घ्यायचा तो फटीसाठी

साताऱ्यात माझं फिश टँकचं दुकान आहे. सिक्लिड न्यायला आलेलं गिऱ्हाईक रंग निवडण्यात तासभर घालवतं आणि दगडांची वेळ आली की म्हणतं, "टाका की चार, दिसायला बरे!" मी मात्र दगडांपासूनच सुरुवात करतो.

माझ्याकडे जास्त खपतात ते आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचे म्बुना. पिवळाधमक यलो लॅब, निळ्या-काळ्या पट्ट्यांचा डेमासोनी. उजनीची चिलापीही याच सिक्लिड कुळातली. म्बुनांचं सगळं बिऱ्हाड किनाऱ्यालगतच्या खडकांत असतं. दगडावरचं शेवाळ खरवडून खायचं, नराने एखादी कपार बळकावायची, मादीने अंडी तोंडात धरून साधारण तीन आठवडे दबून राहायचं. टँकमध्ये असा आडोसा नसला तर दांडगा नर बाकीच्यांना हैराण करतो. त्यांच्या शेपट्यांच्या चिंध्या होतात.

दगड कुठला? आपला काळा पाषाण उत्तम. तो कठीण, पाण्यात विरघळत नाही आणि फुकटात मिळतो. खाणीतले ओबडधोबड तुकडे एकावर एक नीट बसतात. धारदार कडा तेवढ्या हातोडीने मारून घ्यायच्या. नदीचे गोटे देखणे, पण गुळगुळीत असल्याने रचले की घसरतात. ते खाली, वाळूवर शोभतात. कोकणातला जांभा झिजून पाणी तांबूस करतो, तो नको. गंजाचे डाग असलेले, धातूसारखे चमकणारे किंवा रंगवलेले दगडही नकोत.

दगडात पांढरी शीर दिसली तर तिच्यावर लिंबू पिळा. बारीक बुडबुडे आले तर चुना आहे. गारगोटी असेल तर काही होणार नाही. मलावीचं पाणी मुळातच अल्कधर्मी, त्यामुळे म्बुनांना थोडा चुना बाधत नाही. पण डिस्कस हाही सिक्लिडच आणि तो ॲमेझॉनच्या मऊ पाण्यातला. त्याच्या टँकमध्ये तोच दगड पाणी जड करून बसेल.

दगड ब्रशने घासून धुवा आणि वरून कढत पाणी ओता. उकळत मात्र ठेवू नका. आत मुरलेलं पाणी तापून दगड फुटू शकतो.

आता रचाई. रिकाम्या टँकच्या तळाला थर्माकोलची पातळ शीट, तिच्यावर सगळ्यात जड दगड आणि मग वाळू. हा क्रम उलटा करायचा नाही, कारण हे मासे दिवसभर वाळू उकरतात. वाळूवर ठेवलेला दगड कलंडून काचेवर जातो. एक लिटर पाण्याची जागा घेणारा काळा पाषाण तीन किलोच्या आसपास भरतो, हे ध्यानात ठेवा. कोकणातला गडगा रचतात तसं खालच्या दोन दगडांच्या सांध्यावर वरचा दगड बसवायचा आणि हाताने हलवून बघायचं. डुगडुगला तर काढायचा, किंवा सिलिकॉनने चिकटवायचा. प्रत्येक कपारीला दोन तोंडं हवीत. एकाच तोंडाच्या बिळात पळणारा मासा कोंडला जातो. मागच्या काचेपासून चार बोटं जागा सोडली की पाणी खेळतं आणि घाण साचत नाही. थोड्या फटी बोटभर अरुंद ठेवल्या तर पिल्लंही तगतात.

एवढं करून दिल्यावर आठवड्याभरात फोन येतो, "मासे दिसतच नाहीत, दगड कमी करू का?" माझं उत्तर ठरलेलं असतं: उलट दोन वाढवा. लपायला जागा पुरेशी आहे अशी खात्री पटली की म्बुना उघड्यावर येऊन बिनधास्त हिंडतात. दगड काढलेत तर तेच मासे फिल्टरच्या मागे अंग चोरून बसतील.